अडीच बोटं

अण्णांना बारा बोअरच घ्यायची होती.
वजिराबादेत, सायकलीच्या दुकानाला लागून,
जब्बार मिस्त्रीच्या बाकाशी
ती त्यांनी माझ्या हातात दिली, आणि नळीचं टोक
हळूहळू फरशीकडं कललं,
कीर्तनात पेंगणाऱ्याची मान जाते तसं.
मिस्त्री हसला नाही. म्हणाला,
पहले हात नापो, बंदूक बाद में.

सुतळी काढली त्यानं खिशातली.
माझा कोपर काटकोनात धरला,
खोबणीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत ताणली,
दातात धरून गाठ मारली.
तोवर माझं माप कुणी घेतलं नव्हतं.
सदरा थोरल्याचा, चप्पल थोरल्याची,
पाटीसुद्धा त्याच्याच हातून फुटून आलेली.
साल एकोणसत्तर. मला अकरावं लागलेलं.

दुसरी चांगली होती, पण तिला गाढवाची लाथ.
तिसरी अण्णांनी हातही न लावता परत केली,
नुसतीच चकचकीत होती म्हणून.
मग मिस्त्री आत गेला आणि गोणपाटात गुंडाळलेली
एक टू-टू रायफल घेऊन आला,
कुण्या जहागीरदाराच्या घरातून विकायला आलेली.
दस्त्यावर चाकूनं कोरलेलं उर्दू नाव.
अण्णा निजामाच्या शाळेतले,
उजवीकडून बोट फिरवत वाचलं त्यांनी:
मुनव्वर.
हा कोण, मी विचारलं.
असेल तुझ्याएवढा, अण्णा म्हणाले. तेव्हा.

सुतळी लावली. दस्ता अडीच बोटं जास्त.
मिस्त्रीनं तो शेगड्यात आवळला, करवत घेतली.
अक्रोडाचा भुसा तपकिरीसारखा उडाला,
अण्णांना शिंक आली, सौदा तिथंच पक्का झाला.
कापात नावाचं शेवटचं अक्षर गेलं,
विळ्यासारखा वाकलेला एकटा र.
तो तुकडा कागदात बांधून माझ्याच हातात दिला त्यानं:
संभाल के रखना.
हात बढेगा तो वापस लगा दूँगा.

परवाना अण्णांच्या नावावर, माप माझं.
दिवसाला एकच गोळी, हा घरचा कायदा.
कयाधूच्या काठच्या मातीनं एकवीस गोळ्या खाल्ल्या.
बाविसाव्या दिवशी
करडईच्या कडेला ससा उभा राहिला,
मागं ऊन, कान लाल, आरपार,
शिरा मोजता याव्यात इतके.
मी चाप ओढला.

आईनं घरातलं भांडं दिलं नाही.
अंगणात तीन दगडांवर शिजला,
भाकरीशी चांगला लागला, खोटं कशाला बोलू.
फक्त ताटात मी
ते कान शोधत राहिलो.

मग शिकारबंदी आली. रायफल ठाण्यात जमा.
पावती अण्णांनी पंचांगात ठेवली,
पंचांग दरवर्षी नवं येत गेलं.
हात माझा नेमका त्याच उन्हाळ्यात वाढला,
एकदम, मनगटं बाहीबाहेर.
तुकडा घेऊन नांदेडला जावं असं
दोनदा वाटलं. कशाला लावणार होतो?
दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

परवा मनवाला घेऊन गेलो,
मुलीची मुलगी, शाळेच्या नेमबाजीत निवड झालेली.
तिला छऱ्याची रायफल हवी होती, कागदावर मारायची.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, आजोबा, माप कशाला,
ही किल्ली फिरवा, दस्ता हवा तेवढा लांबतो.
ॲल्युमिनियमचा. खरंच लांबला. आखूडही झाला.
तरी मी खिशातून सुतळी काढली,
तिचा कोपर काटकोनात धरला,
आणि गाठ मारायला
समोरचे दात नव्हते.
तिनंच मारली.

घरी आल्यावर ती शिलाई मशीनजवळ बसली.
पायाखालचं पाचर निसटलं होतं, ते उचललं,
धूळ पुसली, नखानं खाच कोरून पाहिली.
आजोबा,
लाकडावर स्वल्पविराम कुणी काढलाय?